भारतमातेचा भात

विक्रांतदादा सोनवडेकरांना भारतमाता हवी होती आणि ती जयवंत घाडीगावकरांच्या कपाटात, बनियनांच्या चळतीखाली होती.

ती मागायला दादांच्या प्रचाराचं काम बघणारा अनिश सतराव्या मजल्यावर आला. बूट बाहेर काढू का, असं त्यानं विचारलं, काढले नाहीत, आणि सोफ्यावर टेकत म्हणाला, "काका, तुमच्याकडे एक कॅसेट आहे ना?"

"आहे."

"दादांना हवीय. म्हणजे तसं बघितलं तर देशाला हवीय."

"देश परत देणार ना?" जयवंतरावांनी विचारलं.

दादा महापालिकेच्या निवडणुकीला उभे होते. करी रोड ते लालबाग या पट्ट्यात नगरसेवकाला करण्यासारखं पुष्कळ असतं, पण दादांचा ओढा इतिहासाकडे होता. गटाराबद्दल कुणी विचारलं तरी ते सत्तावन्नच्या उठावापासून सुरुवात करत आणि उत्तर गटारापर्यंत पोचायच्या आत विचारणारा घरी गेलेला असे. भाषणाचा शेवट ठरलेला होता. आवाज खाली आणायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "त्यांनी प्राण दिले. तुम्हाला फक्त बटण दाबायचंय." वाक्य चांगलं होतं. ऐकायला मात्र मंडपवाला आणि दादांचे मेहुणे एवढेच उरत. टॉवरमधले लोक खिडक्या लावून घेत.

अनिशनं यावर उपाय शोधला होता आणि त्याला तो 'इमोशनल कनेक्ट' म्हणत होता. जुनी चाळ पाडून तिथं टॉवर झाला होता आणि टॉवरच्या मागच्या अंगाला, त्याच्या सावलीत, जुन्या भाडेकरूंची इमारत, जयवंतराव राहत ती. चाळीतली निम्मी माणसं कधीच नालासोपाऱ्याला, बदलापूरला गेली होती, पण बऱ्याच जणांची नावं अजून इथल्याच मतदार यादीत होती. ही माणसं परत यावीत, सभेला बसावीत आणि जाताना डोळे पुसत जावीत, अशी योजना होती. त्यासाठी चाळीच्या गणपतीत गाजलेला 'बलिदान' हा चलचित्र देखावा सभेच्या मंचावर पुन्हा उभा करायचा होता. पुतळे इमारतीच्या तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सापडले. हुतात्म्याचा एक हात गेला होता, पण अनिशच्या मते ते विषयाला धरूनच होतं.

देखाव्यातली भारतमाता बोलायची. तो आवाज रमाबाईंचा, म्हणजे जयवंतरावांच्या बायकोचा होता.

ही गिरणी संपाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. भारतमातेसाठी शाळेतल्या एक बाई ठरल्या होत्या. गणपती दोन दिवसांवर आले आणि त्यांचा घसा बसला. तेव्हा मंडळाला रमाबाई आठवल्या. त्या खाली नळावरून हाक मारत तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे दोन-तीन नवरे एकदम कठड्याशी येत. स्टुडिओ परवडणारा नव्हता. परळचा आग्नेलो, लग्नाला आणि बारशाला लाउडस्पीकर लावणारा जयवंतरावांचा दोस्त, टेपरेकॉर्डर घेऊन थेट त्यांच्या खोलीत आला. रमाबाईंनी पदर खोचला, माणसांकडे बघून बोलायला लाज वाटते म्हणून भिंतीकडे तोंड केलं आणि शुद्ध मराठीत सुरुवात केली, "हे माझ्या वीरपुत्रांनो, तुमच्या रक्तानं ही माती पावन झाली."

स्टोवर कुकर आहे हे सगळे विसरले होते, रमाबाई सोडून. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. भारतमाता "तुमचं बलिदान व्यर्थ" इथपर्यंत आली, थांबली, आणि मालवणीत म्हणाली, "अवो, स्टो बारीक करा, भात करपता." मग श्वास घेऊन तिनं "जाणार नाही" असं वाक्य पुरं केलं.

आग्नेलो म्हणाला, "वहिनी, परत एक टेक घेऊ."

"बोललंय ता बोललंय," रमाबाई म्हणाल्या. "भात तर गेलोच. आता देशासाठी काय डाळ पण जाळू?"

तीच टेप लागली. पहिल्या दिवशी लोक हसले. तिसऱ्या दिवसापासून लोक हिंदमात्याहून, वरळीहून पाहुण्यांना घेऊन येऊ लागले आणि भात येईपर्यंत जागचे हलेनात. पडद्यामागे दांडा फिरवून पुतळे हलवायचं काम जयवंतरावांकडे होतं. तिथं ढोलताशात शब्द ऐकू येत नसत, शिट्टी तेवढी येई. म्हणून पहिल्या शिट्टीला इंग्रज शिपायांच्या बंदुका वर, दुसरीला हुतात्मा खाली आणि 'अवो'ला लोकांचा गलका उठला की तिरंगा वर, असं बसवलं होतं. पुढं किती तरी वर्षं हाताला तीच सवय होती.

रमाबाई जाऊन आता बराच काळ झाला होता. फोटो पुष्कळ होते. लग्नातले होते, जत्रेतले होते, एक आधार कार्डावरचा होता, त्यात त्या कुणावर तरी चिडल्या होत्या. आवाज मात्र त्या एका कॅसेटमध्ये उरला होता आणि त्यातही बहुतेक भारतमातेचाच. रमाबाईंनी रमाबाईंच्या आवाजात नवऱ्याला उद्देशून म्हटलेलं एकच वाक्य जगात शिल्लक होतं. तेही जयवंतरावांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. आग्नेलोनं कॅसेट उजेडात धरून बघितली होती आणि सांगितलं होतं, "जयवंता, ह्याची पट्टी पापड झालीय. एकदा वाजेल. दुसऱ्या टायमाची गॅरंटी माझी नाय." एकदाच वाजणारी गोष्ट नक्की कधी वाजवायची, हे जयवंतरावांना ठरवता येईना. म्हणून ती बनियनांखाली राहिली.

"आम्ही डिजिटल कॉपी काढू," अनिश म्हणाला. "मग तुम्ही हजार वेळा ऐका. फोनवर ऐका, बाथरूममध्ये ऐका."

जयवंतरावांनी बनियनं बाजूला केली.

चार दिवसांनी अनिश लॅपटॉप घेऊन आला. जयवंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आग्नेलोही आला होता, दाढी करून. आवाज सुरू झाला तो इतका स्वच्छ की रमाबाई टीपॉयच्या पलीकडे उभ्या आहेत असं वाटावं. वीरपुत्र झाले, माती पावन झाली. जयवंतराव पुढं सरकून बसले. "तुमचं बलिदान व्यर्थ जाणार नाही," भारतमाता एका दमात म्हणाली आणि संपली.

"झालं?" जयवंतरावांनी विचारलं.

"झालं. कसं वाटलं? एकदम क्रिस्टल क्लिअर ना?"

"ही भारतमाता आहे. आमची बाई कुठाय?"

अनिशला प्रश्न कळला नाही. "काका, मागे खूप नॉइज होता. कुकर होता, मध्येच कोणी तरी बोलत होतं. एआयनं सगळं उडवलं."

"कोणी तरी," आग्नेलो म्हणाला. "अरे बाबा, तू जे उडवलं ना, तेवढंच तर तिचं होतं. बाकी सगळं शाळेतल्या मास्तरनं लिहून दिलेलं."

"मूळ कॉपी असेल ना?" जयवंतरावांनी विचारलं.

"रॉ फाईल डिलीट करतो आम्ही. जागा भरते."

"आणि कॅसेट?"

"ती दादांच्या ऑफिसात, सेफ. निवडणूक झाली की सत्कार करून तुम्हाला देणार. शाल पण आहे." एवढं सांगून अनिश निघाला. स्वच्छ केलेला आवाज आणि त्याचा कागदावर उतरवलेला मजकूर त्यानं निवडणूक कार्यालयाकडून रीतसर मंजूर करून घेतला होता आणि त्याला पुढच्या कामाची घाई होती.

रंगीत तालीम सभेच्या दिवशी दुपारी झाली. दादा समोर खुर्ची टाकून बसले. देखाव्यामागं जयवंतराव दांडा धरून उभे राहिले. भारतमातेनं वीरपुत्रांना हाक मारली, बलिदान व्यर्थ जाणार नाही असं सांगितलं आणि गप्प झाली. शिपाई बंदुका खाली धरून उभे होते. एका हाताचा हुतात्मा त्यांच्याकडे बघत होता. कुणाचंच कुणाशी भांडण दिसत नव्हतं.

"हा मरत का नाही?" दादांनी विचारलं.

अनिश मागं जाऊन आला. "दादा, ते काका शिट्टीची वाट बघतायत."

"मग शिट्टी मारा."

एका कार्यकर्त्यानं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. रस्त्यावर एक टॅक्सी थांबली. जयवंतराव मागून म्हणाले, "ही नाय. कुकरची पायजे. हात उचलत नाय ह्या शिट्टीला." मग अनिशनं मोबाइलचा टॉर्च दाखवून खुणा करायचं ठरवलं. पहिल्या खुणेला तिरंगा वर गेला, मग हुतात्मा पडला, मग बंदुका उठल्या आणि त्या बघून हुतात्मा पुन्हा उभा राहिला.

"इतिहासाशी छेडछाड नको," दादा म्हणाले. "ती जुनी कॅसेटच लावा."

"दादा, त्यात मध्ये ते वाक्य आहे. आपण मंजूर करून घेतलेल्या मजकुरात ते नाही."

"कुठलं वाक्य?"

"भाताचं."

दादांनी क्षणभर डोळे मिटले. "भात सगळेच खातात. लावा."

आग्नेलोनं आपला जुना टेपरेकॉर्डर आणला, हातानं कॅसेट पुढंमागं फिरवून बघितली आणि जयवंतरावांना हळूच म्हणाला, "दुसरा टायम आहे हा. तुटली तर मला शिव्या नको."

"कान उघडे ठेवतो," जयवंतराव म्हणाले. "आली तर आली."

सभेला माणसं आली. बदलापूरहून आली, नालासोपाऱ्याहून आली, काठ्या टेकत, सुना घेऊन आली. बसायच्या आधी एकमेकांना खोली नंबरनं ओळखत होती. "तू दोन नंबरची ना? अगो, केवढी बारीक झालीस." एक म्हातारा टॉवरच्या लॉबीकडे बोट दाखवून नातवाला सांगत होता की तिथं त्यांचा संडास होता. रमाबाईंच्या वयाच्या बायकांनी पुढच्या दोन रांगा धरल्या आणि डबे उघडले. दादांनी गर्दी बघितली आणि त्यांना वाटलं की सत्तावन्नचा उठाव शेवटी या प्रभागात पोचला. ते प्रदीर्घ बोलले. आवाज खाली आणून, डोळे मिटून ते बटणापर्यंत आले, दिवे मंद झाले आणि टेप लागली.

जयवंतराव प्लायवूडच्या मागं दांडा धरून उभे होते. सगळे लाउडस्पीकर लोकांकडे तोंड करून होते. पाठीमागं जनरेटर होता. बाईंचं वीरपुत्रांशी काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. पहिली शिट्टी मात्र आली आणि हात आपोआप फिरला. बंदुका वर गेल्या. दुसरी आली, हुतात्मा पडला. जयवंतरावांनी कान प्लायवूडला लावला.

आणि नेमक्या त्या ठिकाणी मैदानातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी आणि म्हाताऱ्यांच्या सुनांनीसुद्धा एका आवाजात म्हटलं, "अवो, स्टो बारीक करा, भात करपता."

तिरंगा वर गेला. लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. पुढच्या रांगेतली एक बाई डबा मांडीवर तसाच ठेवून मंचाकडे बघत राहिली. जिच्याकडून चाळीतल्या बायका उसनी साखर नेत, ती, तिचं दार, त्या दारासमोरचा लांबलचक व्हरांडा, यातलं काहीच आता बघायला मिळणार नाही, हे सगळ्यांना बहुधा एकाच वेळी आठवलं असावं. दादांना वाटलं, लोक हुतात्म्यासाठी रडतायत. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "हे अश्रू मतदान यंत्रात दिसू द्या."

आग्नेलो धापा टाकत मागं आला. "तुटली नाय, जयवंता. ऐकलंस?"

"सगळ्यांचं ऐकलं," जयवंतराव म्हणाले. "तिचं नाय."

आग्नेलोनं त्यांच्याकडे बघितलं. "थांब. सगळे गेले की परत लावतो. गॅरंटी गेली खड्ड्यात."

माणसं पांगेपर्यंत ते दोघं उलट्या बादल्यांवर बसून राहिले. शेवटी आग्नेलोनं बटणाकडे हात नेला, तेवढ्यात निवडणूक कार्यालयाचं भरारी पथक मंचावर चढलं. विरोधी उमेदवाराची तक्रार होती. मंजूर मजकुरात नसलेलं वाक्य ध्वनिक्षेपकावरून मतदारांना ऐकवण्यात आलं होतं. पथकानं कॅसेट पाकिटात घातली, पाकिटाला लाख लावली आणि ते गेलं.

सुनावणी पालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात होती. तिसरीचा वर्ग असल्यामुळे सगळे गुडघे छातीशी घेऊन बसले होते. निर्णय द्यायला दीपिका मॅडम होत्या, मूळच्या पाणी खात्यातल्या, निवडणुकीपुरत्या इकडे पाठवलेल्या. शेजारी लेखनिक. दादा स्वतः आले नाहीत, त्यांनी अनिशला पाठवलं होतं.

"पक्षाचा त्या वाक्याशी काही संबंध नाही," अनिशनं सांगून टाकलं. "ते वाक्य वैयक्तिक पातळीवर केलेलं आहे."

तक्रारदारांचे वकील राजेश नाचणे उठायला गेले, बाक त्यांच्याबरोबर उठला, म्हणून त्यांनी बसूनच मुद्दा मांडला. "मॅडम, स्टो काय, भात काय, करपणं काय, हा सरळ महागाईकडे इशारा आहे. आणि 'अवो' हे तमाम पुरुष मतदारांना उद्देशून केलेलं आवाहन आहे."

"ऐकूया," मॅडम म्हणाल्या. "कॅसेट वाजवणार नाही. पुरावा आहे, बिघडला तर मला जबाब द्यावा लागेल. पथकानं नक्कल काढलीय."

कोपऱ्यातल्या बाकावरून जयवंतरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "साफ केलीय काय?"

"सरकारी काम आहे, काका. आम्ही काही साफ करत नाही. आहे तशी ठेवतो."

त्यांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं. खरखर आली. वीरपुत्र आले. चाळीतलं कुणाचं तरी पोर लांबून रडलं. पहिली शिट्टी झाली आणि बाकावर ठेवलेला जयवंतरावांचा हात थोडासा फिरला. दुसरी झाली. मग भारतमाता थांबली आणि त्या फळ्याच्या, पाढ्यांच्या वर्गात रमाबाई थोड्या वैतागून, थोड्या घाईत म्हणाल्या, अवो, स्टो बारीक करा, भात करपता.

"हा आवाज ओळखता?" मॅडमनी विचारलं.

जयवंतराव म्हणाले, "नीट ऐकू नाय आला."

मॅडमनी पुन्हा लावलं.

"अजून एकदा. ह्या कानाला जरा कमी येतं."

"मॅडम, हा खोटं बोलतो," आग्नेलो मागून म्हणाला. "गल्लीत टाचणी पडली तर सतराव्या माळ्यावर ह्याला समजतं."

"तुम्ही गप्प बसा. साक्षीदाराला ऐकू येईपर्यंत लावावं लागतं," मॅडम म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा लावलं. हा नियम नक्की कुठं आहे, ते वकिलांनी विचारलं नाही. तेही ऐकत होते.

"हां," जयवंतराव म्हणाले. "मिसेसचा आहे."

"आणि 'अवो' कोणाला म्हटलंय?"

"मला."

"पुरावा काय?" नाचणे म्हणाले. "चाळीत शंभर नवरे असतील. त्यातल्या कुणालाही लागू पडेल असं वाक्य आहे."

"खोलीत मीच होतो. आणि हा आग्नेलो."

"मला कशाला बोलेल?" आग्नेलो म्हणाला. "मी भात खायला थांबलेलो, शिजवायला नाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं, मग तुम्ही स्टो बारीक केलात का?"

"नाय."

"का?"

"टेपचं बटण ढिलं होतं. मी ते अंगठ्यानं दाबून धरलं होतं. सोडलं असतं तर सगळं बंद पडलं असतं."

"निदान काही उत्तर दिलं असेल. हो, थांब, असं काही."

जयवंतरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी बघितली आणि तो परत खिशात ठेवला. "बोललो असतो तर ते टेपमध्ये गेलं असतं, मॅडम. भारतमातेच्या मध्ये आपण कसं बोलणार? गप्प राहिलो. भात करपला. ती नंतर म्हणाली पण, एवढं सांगितलं, तर तोंडातून एक शब्द नाय."

नाचण्यांनी घसा साफ केला. "म्हणजे मॅडम, समोरून प्रतिसाद आल्याचा पुरावा नाही. सबब वाक्य नेमकं कोणाला उद्देशून आहे हे सिद्ध होत नाही."

"शेवटचं एकदा लावते," मॅडम म्हणाल्या.

खरखर आली. वीरपुत्र आले, माती आली, शिट्ट्या आल्या. बलिदान व्यर्थ, इथं भारतमाता थांबली.

"अवो, स्टो बारीक करा, भात करपता."

"होय गो," जयवंतराव म्हणाले. "करतंय."

भारतमातेनं श्वास घेतला आणि जाणार नाही असं सांगून टाकलं. लेखनिकाचं पेन कागदावर अडलं होतं. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, हे लिहू?"

"लिहा," दीपिका मॅडम म्हणाल्या. "वकीलसाहेबांना पुरावा हवा होता."